भूपृष्ठावरून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे : मार्गदर्शन-पद्धती आणि लक्ष्याच्या ओळखीचा प्रश्न

बीजसंज्ञा : क्षेपणास्त्र, आदेश मार्गदर्शन, रडार, अवरक्त किरण, दृष्टिरेषा, लक्ष्य-ओळख

प्रस्तावना

पदवीच्या वर्गात रडारचे तत्त्व शिकविताना एक प्रश्न दरवर्षी हमखास विचारला जातो. जमिनीवरून सोडलेले क्षेपणास्त्र शत्रूचे विमान ओळखते कसे? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे, आणि ते चुकीचे आहे. क्षेपणास्त्र विमानापर्यंत पोहोचते, ते विमान ओळखत नाही. पोहोचणे आणि ओळखणे या दोन सर्वस्वी भिन्न क्रिया आहेत. पहिलीचे शास्त्र गेल्या सत्तर वर्षांत अतिशय प्रगत झाले. दुसरीबाबत तसे म्हणता येत नाही. प्रस्तुत लेखात मार्गदर्शनाच्या प्रमुख पद्धतींचे भौतिकशास्त्रीय विवेचन करावयाचे असून, त्या ओघात हा फरक स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम मूळ समस्येचे स्वरूप पाहू. ३० किलोमीटर अंतरावरील विमान सेकंदाला २५० मीटर वेगाने जात आहे असे मानू. क्षेपणास्त्राचा सरासरी वेग सेकंदाला ७५० मीटर धरला तरी त्याला तेथवर पोहोचण्यास ४० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात विमान १० किलोमीटर पुढे गेलेले असते, आणि वैमानिकाने दिशा बदलली तर ते नेमके कोठे असेल हे कोणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातील विमानविरोधी तोफांची हीच अडचण होती. गोळा तोफेच्या नळीतून सुटला की तोफचीचा त्याच्याशी संबंध संपत असे. क्षेपणास्त्राच्या बाबतीत तो संबंध शेवटपर्यंत टिकवून ठेवावयाचा असतो. जर्मनीने पेनेम्युंडे येथे १९४४ साली उड्डाण-चाचणी घेतलेल्या 'वासरफाल' या अस्त्रात जमिनीवरील चालक दांडा हलवून रेडिओद्वारे ते वळवीत असे. ते प्रत्यक्ष युद्धात कधी उतरले नाही. मात्र पुढील सर्व विकासाचे बीज त्यात होते.

मार्गदर्शन-पद्धतींचे वर्गीकरण करताना दोन प्रश्न विचारले की पुरे होते. लक्ष्याकडे पाहणारा डोळा कोठे आहे? आणि वळण्याचा निर्णय घेणारा मेंदू कोठे आहे?

आदेश मार्गदर्शन : डोळा आणि मेंदू दोन्ही जमिनीवर

या पद्धतीत क्षेपणास्त्र स्वतः आंधळे असते. जमिनीवरील रडार लक्ष्याचे आणि क्षेपणास्त्राचे स्थान सतत मोजते, संगणक दोहोंतील अंतर काढतो आणि रेडिओद्वारे 'डावीकडे', 'वर' असे आदेश पाठवितो. अमेरिकेची १९५४ साली तैनात झालेली 'नाइके एजॅक्स' प्रणाली याच तत्त्वावर होती. तीत एक रडार लक्ष्यावर आणि दुसरे क्षेपणास्त्रावर रोखलेले असे.

या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सोव्हिएत संघाच्या 'एस-७५ द्विना' या प्रणालीचे आहे. ७ ऑक्टोबर १९५९ रोजी बीजिंगजवळ तैवानचे एक टेहळणी विमान या क्षेपणास्त्राने पडले. भूपृष्ठावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने शत्रूचे विमान पाडल्याची ही पहिली घटना होय. १ मे १९६० रोजी स्वेर्दलोव्स्कजवळ गॅरी पॉवर्स यांचे यू-२ विमान पडले, तेही याच क्षेपणास्त्राने. त्या दिवशीची दुसरी घटना मात्र फारशी सांगितली जात नाही. त्याच गोंधळात सोव्हिएत संघाचे स्वतःचे एक मिग-१९ विमान त्याच जातीच्या क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्याचे वैमानिक सर्गेई साफ्रोनोव मृत्युमुखी पडले. दोन्ही वेळा मार्गदर्शन यशस्वीच झाले होते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

आदेश कोणत्या नियमाने द्यावयाचे हा यातील खरा रंजक भाग आहे. सर्वांत सोपा नियम 'त्रिबिंदू पद्धती'चा. रडार, क्षेपणास्त्र आणि लक्ष्य हे तीन बिंदू सतत एका सरळ रेषेत ठेवावयाचे. यासाठी लक्ष्याची केवळ दिशा माहीत असली तरी चालते. त्याचे अंतर माहीत असण्याची गरज नसते. मात्र रेषेवर राहण्यासाठी क्षेपणास्त्राचा मार्ग लक्ष्याजवळ पोहोचताना अधिकाधिक वक्र होत जातो, आणि शेवटच्या क्षणी त्याला फार तीव्र वळण घ्यावे लागते. म्हणून दुसरा नियम असा की लक्ष्य पुढे कोठे जाणार याचा अंदाज घेऊन क्षेपणास्त्राला त्या बिंदूच्या दिशेने काही प्रमाणात आधीच पुढे काढावयाचे. यात वळण सौम्य होते, परंतु त्यासाठी लक्ष्याचे अचूक अंतर माहीत असावे लागते.

या दोन नियमांतील भेद केवळ गणिती नाही. व्हिएतनाम युद्धात डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकेची बी-५२ विमाने हॅनोईवर आली तेव्हा ती रेडिओ-गोंगाट प्रसारित करून रडारच्या पडद्यावरील आपले अंतर झाकीत होती. पण गोंगाट ज्या दिशेने येतो ती दिशा झाकता येत नाही. व्हिएतनामी पथकांनी त्रिबिंदू पद्धतीचा आश्रय घेतला आणि गोंगाटाच्या दिशेनेच क्षेपणास्त्रे सोडली. त्या मोहिमेत अमेरिकेने १५ बी-५२ विमाने गमावली. जो नियम साधा म्हणून कनिष्ठ समजला गेला होता, तो ऐनवेळी उपयोगी पडला.

या पद्धतीची मर्यादा भूमितीतच आहे. रडारच्या कोनमापनात ०.१ अंशाची चूक असेल तर १० किलोमीटर अंतरावर ती सुमारे १७ मीटर होते, २५ किलोमीटरवर ४४ मीटर आणि ४० किलोमीटरवर ७० मीटर. लक्ष्य जितके दूर, तितका नेम ढिला. म्हणूनच एस-७५ च्या क्षेपणास्त्रात जवळजवळ २०० किलो वजनाचे स्फोटकशीर्ष बसवावे लागले; लक्ष्याच्या नुसते जवळपास फुटले तरी त्याने काम भागावे अशी अपेक्षा होती. एवढे अवजड अस्त्र चपळ असू शकत नाही. अमेरिकी वैमानिक त्याला 'उडता टेलिफोनचा खांब' म्हणत. ते वेळीच दिसले तर त्याच्या दिशेने सूर मारून ऐनवेळी झटक्यात वळल्यास ते चुकविता येत असे.

असे असूनही ही पद्धती कालबाह्य झाली असे समजण्याचे कारण नाही. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात अमेरिकेचे रडारला सहसा न दिसणारे एफ-११७ विमान पडले, ते १९६० च्या दशकातील एस-१२५ या आदेश-मार्गदर्शित प्रणालीनेच. १९८३ साली सुरू झालेल्या एकात्मिक मार्गदर्शित क्षेपणास्त्र विकास कार्यक्रमातील आपले 'आकाश' हेही मूळ स्वरूपात आदेश-मार्गदर्शितच आहे. त्याचे 'राजेंद्र' रडार अँटेना न फिरविता शलाका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळविते. त्यामुळे एकच रडार अनेक लक्ष्यांवर नजर ठेवून एकाहून अधिक क्षेपणास्त्रांना आदेश देऊ शकते. नाइके एजॅक्सला एका लक्ष्यासाठी दोन रडार लागत, याच्याशी ही तुलना करून पाहावी. 'आकाश'मधील रॅमजेट इंजिनाचाही येथे संबंध येतो. घन इंधनाचे साधे रॉकेट काही सेकंदांत जळून संपते आणि पुढे क्षेपणास्त्र मिळालेल्या वेगावरच जाते; प्रत्येक वळणात तो वेग खर्च होतो. रॅमजेट लक्ष्यापर्यंत रेटा देत राहते, म्हणून शेवटच्या तीव्र वळणासाठी शक्ती शिल्लक असते. या अस्त्राचे प्रक्षेपक पुण्याजवळील दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केले आहेत.

परावर्तित लहरींचा माग : डोळा क्षेपणास्त्रावर, दिवा जमिनीवर

वाढत्या अंतराबरोबर वाढणारी चूक टाळावयाची तर डोळा लक्ष्याच्या जवळ न्यावा लागतो, म्हणजेच तो क्षेपणास्त्राच्या नाकात बसवावा लागतो. या उपकरणास 'सीकर' म्हणतात. परंतु शक्तिशाली रडार लहान क्षेपणास्त्रात मावत नसे. यावर तोड निघाली ती अशी : जमिनीवरील रडारने लक्ष्य 'उजळवावे' आणि क्षेपणास्त्राने केवळ परावर्तित लहरींचा माग काढावा. अंधाऱ्या शेतात एकाने विजेरीचा झोत सशावर धरावा आणि दुसऱ्याने त्या उजेडात धावावे, तसाच हा प्रकार आहे. यास अर्ध-सक्रिय रडार मार्गदर्शन म्हणतात. क्षेपणास्त्र लक्ष्याच्या जवळ जाते तसतसा परावर्तित संकेत प्रबळ होतो; नेम सुधारत जातो. आदेश पद्धतीच्या नेमके उलट. त्यामुळे या वर्गातील 'कुब' क्षेपणास्त्राचे स्फोटकशीर्ष सुमारे ६० किलोचेच पुरले.

ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात 'कुब'ने पहिल्या काही दिवसांत इस्रायली हवाई दलाची मोठी हानी केली. त्याचे रडार लक्ष्य उजळविण्यासाठी खंडित स्पंद न वापरता अखंड लहर वापरीत होते आणि इस्रायली विमानांतील इशारा-यंत्रे त्या प्रकारच्या लहरींसाठी बनविलेली नव्हती. अखंड लहरीचा दुसरा लाभ डॉप्लर परिणामाचा. ३ सेंटिमीटर तरंगलांबीची लहर सेकंदाला ३०० मीटर वेगाने जवळ येणाऱ्या विमानावरून परतते तेव्हा तिच्या वारंवारतेत २० किलोहर्ट्झचा फरक पडतो. डोंगर व इमारतींवरून परतलेल्या लहरींत असा फरक नसतो, म्हणून त्या गाळून टाकता येतात.

दुबळी बाजू उघड आहे. विजेरी धरणाऱ्याला शेवटपर्यंत विजेरी पेटती ठेवावी लागते, आणि अंधारात पेटती विजेरी सर्वांनाच दिसते. जून १९८२ मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायलने वैमानिकरहित विमाने पुढे पाठवून सीरियाची रडार चालू करावयास लावली, आणि नंतर एका दिवसात १९ पैकी १७ क्षेपणास्त्र-ठाणी नष्ट केली.

आणखी एक धोका अधिक मूलभूत आहे. सीकरला परावर्तित लहर समजते; ती कशावरून परावर्तित झाली हे समजत नाही. ४ ऑक्टोबर २००१ रोजी युक्रेनच्या सैनिकी सरावात सोडलेले एस-२०० जातीचे क्षेपणास्त्र काळ्या समुद्रावर सायबेरिया एअरलाइन्सच्या प्रवासी विमानावर गेले आणि ७८ जण ठार झाले.

दृष्टिरेषेचा नियम

सीकर लक्ष्य दाखवितो, परंतु क्षेपणास्त्राने त्याच्याकडे जावे कसे? सतत लक्ष्याच्या दिशेने नाक ठेवून धावणे हा पहिला मार्ग. रस्त्याने जाणाऱ्या मोटारसायकलमागे गल्लीतले कुत्रे असेच धावते. ते वळत वळत शेवटी तिच्या मागच्या चाकाशी येते आणि मागेच राहते. दुसरा मार्ग खलाशांच्या परिचयाचा आहे. समुद्रात दुसरे जहाज आपल्या संदर्भात एकाच दिशेला दिसत राहिले आणि जवळ येत गेले, तर टक्कर अटळ असते. खलाशी हे चिन्ह दिसताच जहाज वळवितो. क्षेपणास्त्राला टक्करच हवी असते. म्हणून क्षेपणास्त्र आणि लक्ष्य यांना जोडणारी दृष्टिरेषा फिरू लागली की ती ज्या गतीने फिरते त्याच्या काही पट, सामान्यतः तीन ते पाच पट, गतीने क्षेपणास्त्राने आपली दिशा वळवावयाची. रेषा फिरेनाशी झाली की मार्ग बरोबर आहे असे समजावे. यास समानुपाती दिक्चालन म्हणतात. या नियमात लक्ष्याचे अंतर नको, वेग नको, त्याचा हेतू तर नकोच. एवढ्या थोड्या माहितीवर एवढे अचूक काम करणारा नियम अभियांत्रिकीत क्वचितच आढळतो.

उष्णतेचा माग : दिवा लक्ष्याच्याच अंगावर

जेट इंजिनाचा तप्त भाग सुमारे ९०० केल्विन तापमानाचा धरला, तर वीनच्या नियमानुसार त्याचे प्रारण ३ मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. हा प्रकाश टिपणारा सीकर वापरला की जमिनीवरील रडारची गरज उरत नाही आणि वैमानिकाला इशाराही मिळत नाही. पहिल्या पिढीतील सीकर फक्त विमानाच्या मागील बाजूने, इंजिनाचे तोंड दिसत असेल तरच उपयोगी पडत. पुढे संवेदक अतिशय थंड ठेवण्याची सोय झाली आणि बाहेर पडणाऱ्या वायूंचे दुबळे प्रारणही टिपता येऊ लागले. खांद्यावरून सोडावयाचे 'स्टिंगर' या प्रगत वर्गातले असून त्यात जेमतेम ३ किलोचे स्फोटकशीर्ष पुरते.

कारगिल युद्धात भारताने याची किंमत मोजली. २७ मे १९९९ रोजी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांच्या मिग-२१ विमानावर आणि दुसऱ्याच दिवशी एका एमआय-१७ हेलिकॉप्टरवर अशा क्षेपणास्त्रांचा आघात झाला. हेलिकॉप्टरमधील चौघेही मृत्युमुखी पडले. उष्णतेचे आमिष दाखविणाऱ्या जळत्या नळ्या सोडण्याची सोय त्या हेलिकॉप्टरमध्ये नव्हती. एरवी मैदानात चार-पाच किलोमीटरचा टप्पा असलेले हे अस्त्र पाच हजार मीटर उंच कड्यावर बसलेल्या सैनिकाच्या हाती गेले की त्याचा अर्थच बदलतो. यानंतर हेलिकॉप्टर हल्ल्याच्या कामातून काढून घेण्यात आले आणि विमानांनी अधिक उंचीवरून मारा केला.

मिश्र पद्धती

आजच्या बहुतेक मोठ्या प्रणाली या पद्धतींचे मिश्रण आहेत. भारत आणि इस्रायल यांनी संयुक्तपणे विकसित केलेले सुमारे ७० किलोमीटर टप्प्याचे क्षेपणास्त्र मार्गाचा मोठा भाग आपल्या जडत्व-प्रणालीवर व जमिनीवरून मिळणाऱ्या सुधारणांवर कापते आणि अखेरीस स्वतःचे लहान रडार चालू करते. येथे दिवाही क्षेपणास्त्रातच असतो. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या 'आयएनएस कोलकाता' या वर्गाच्या युद्धनौकांवर हेच अस्त्र आहे. 'आकाश'च्या २०२१ मध्ये चाचणी झालेल्या 'प्राइम' आवृत्तीतही सीकर बसविलेला आहे.

अमेरिकेच्या 'पेट्रियट'मध्ये डोळा क्षेपणास्त्रावर पण मेंदू जमिनीवर अशी योजना होती : सीकरला जे दिसते ते खाली पाठवावयाचे आणि तेथील मोठ्या संगणकाने निर्णय घ्यावयाचा. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे या मेंदूने दगा दिला. संगणक वेळ दशांश सेकंदांत मोजीत असे. परंतु एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. २४ बिटांत ती किंचित तोकडी पडते. सुमारे १०० तास अखंड चालल्यावर ही तूट ०.३४ सेकंद झाली. इराकी स्कड तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. रडारने भलत्याच जागी शोध घेतला, क्षेपणास्त्र सुटलेच नाही आणि २८ अमेरिकी सैनिक ठार झाले. सुधारित आज्ञावली दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचली.

ओळख : मार्गदर्शनाच्या बाहेरचा प्रश्न

धाहरानचे अपयश यंत्राचे होते. त्यावर उपाय सापडला. परंतु ३ जुलै १९८८ रोजी पर्शियन आखातात 'विन्सेन्स' या अमेरिकी युद्धनौकेने इराण एअरचे प्रवासी विमान पाडले आणि २९० जण ठार झाले, तेव्हा यंत्र बिघडलेले नव्हते. विमान वर चढत असल्याची नोंद नौकेच्या संगणकात होती. ते खाली येत असल्याचे कर्मचारी सांगत राहिले.

ओळखीचे मुख्य साधन म्हणजे रेडिओवरून सांकेतिक प्रश्न विचारून सांकेतिक उत्तर घेणारे यंत्र. बरोबर उत्तर आले तर विमान आपले, हे पक्के. उत्तर आले नाही तर? विमान परके असेल, नागरी असेल, किंवा आपलेच असून यंत्र बंद असेल. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाम येथे आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले आणि त्यातील सहा हवाई सैनिक व जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडला. ही मोठी चूक होती, असे हवाई दलप्रमुखांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्य केले.

या संदर्भात ८ जानेवारी २०२० ची तेहरानची घटना भौतिकशास्त्राच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. युक्रेनचे प्रवासी विमान उड्डाणानंतर काही मिनिटांत दोन क्षेपणास्त्रांनी पाडले गेले. १७६ जण ठार झाले. क्षेपणास्त्रे 'तोर' या आदेश-मार्गदर्शित प्रणालीची होती. इराणच्या चौकशीनुसार ते वाहन जागा बदलून उभे केल्यानंतर त्याची उत्तर दिशा पुन्हा जुळविली गेली नाही आणि तीत शंभर अंशांहून अधिक चूक राहिली. ०.१ अंशाच्या चुकीने क्षेपणास्त्र ४४ मीटर हुकू शकते हे आपण वर पाहिले; मग शंभर अंशांच्या चुकीने ते हुकले का नाही? कारण आदेश मार्गदर्शनात लक्ष्य आणि क्षेपणास्त्र दोन्ही एकाच रडारने, एकाच अक्षापासून मोजले जातात आणि आदेश केवळ त्यांतील फरकावर ठरतो. अक्ष कितीही फिरलेला असला तरी दोन्ही मापनांत तीच चूक येते आणि वजाबाकीत ती नाहीशी होते. क्षेपणास्त्राच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नव्हते. बिघडले होते ते फक्त पडद्यासमोर बसलेल्या माणसाला दिसणारे विमानाच्या येण्याच्या दिशेचे चित्र. त्याचा वरिष्ठांशी संपर्क झाला नाही आणि निर्णयासाठी त्याच्यापाशी काही सेकंद होते.